गिळलेला गळ: काढायचा की तोडायचा?

बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूमला काम करणाऱ्या माणसाची मासेमारीची पिशवी उघडा, निम्मी हत्यारंच निघतील. माझ्या पिशवीत लांब तोंडाची पक्कड आहे, दवाखान्यात असतो तसला आर्टरी फोर्सेप आहे, बारीक दाताची चपटी कानस आहे, स्प्लिट रिंग उघडायची छोटी पक्कड आहे आणि तार तोडायचा एक चांगल्यापैकी साइड कटर आहे. दाजी ह्या सगळ्याला "गॅरेज" म्हणतात. "गॅरेज घेतलंस की नाही रे?" असं विचारल्याशिवाय त्यांची गाडी अनगोळच्या पुढं सरकत नाही.

ह्यातलं सगळ्यात कामाचं हत्यार कुठलं म्हणाल तर साइड कटर. आणि आमचं भांडण सुरू होतं तेही त्याच्यावरूनच. मासा गळ खोल गिळून वर आला, आणि तो मासा आपल्याला परत सोडायचा आहे. मग गळ काढून सोडायचा, की दोरी तोडून गळासकट सोडायचा? दाजींचं ठाम मत, काढायचा. पोटात लोखंड घेऊन कोण जगतंय? भाच्याचं मत आदल्या रात्री त्यानं मोबाइलवर काय बघितलं त्यावर ठरतं. माझं मत, तोडायची. पावसाळा तोंडावर आहे, मरळीच्या मागं लागणारी पोरं दरवर्षी वाढतायत, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. म्हणजे निदान तळ्याच्या काठावर ओरडायला नको.

आधी सोडण्याबद्दलच. आमच्या आईला हा प्रकार मुळात पटत नाही. "खायचा नाही तर धरायचा कशाला त्याला?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. वीतभर शिंगाळा, गाभोळीनं पोट फुगलेली मरळ, किंवा घरी पुरेल एवढं मिळाल्यावर आणखी लागलेला मासा मी परत सोडतो. बाकी आम्ही खाणारी माणसं आहोत. श्रावण सोडला तर रविवारी आमच्या घरात कांदा-लसणाचं वाटण ठरलेलंच. तेव्हा सगळेच मासे सोडायचे असलं व्रत मी घेतलेलं नाही. पण सोडला म्हटलं तर तो जगला पाहिजे. नाहीतर आईचंच खरं, मारलाही आणि ताटातही आला नाही.

आम्ही जातो ते मुख्यतः हिडकलच्या बॅकवॉटरला. घटप्रभेवरचं हे धरण हुक्केरी तालुक्यात आहे, आणि चंदगडकडून येणारी ताम्रपर्णी घटप्रभेलाच मिळते, त्यामुळं काठावर कन्नड आणि मराठी दोन्हीकडची माणसं भेटतात. गळाला काय लागतंय ह्याची चौकशी मात्र सगळे एकाच पद्धतीनं करतात, हात न हलवता हनुवटी वर करून. कधी खानापूरच्या पुढं मलप्रभेच्या डोहांना जातो, कधी एखाद्या गावच्या तळ्यावर. धरणात कटला-रोहू, शेवाळ-कमळाच्या तळ्यात मरळ, खोल पाण्यात शिवडा आणि शिंगाळा, आणि चिलापी तर जिथं जाल तिथं.

आता गिळलेल्या गळाचं. मासे घरी मीच साफ करतो, त्यामुळं माशाच्या आत काय कुठं असतं हे हाताला माहीत झालंय. पुढच्या वेळी तुम्ही मरळ साफ कराल तेव्हा घाई करू नका. गळ्याखालून, दोन्ही कल्ले जिथं खाली एकत्र येतात तिथून सुरी हळू फिरवा. छातीच्या परांच्या किंचित पुढं एक लालभडक छोटा गोळा दिसेल. ते हृदय. माणसासारखं छातीच्या पिंजऱ्यात सुरक्षित वगैरे काही नाही, सरळ घशाच्या तळाशी. त्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या कमानी, ज्यांच्यातून अंगातलं सगळं रक्त फिरतं. मागं लगेच यकृत. आणि ह्या सगळ्याच्या वरून अन्ननळी जाते. म्हणजे गिळलेला गळ जिथं रुततो, त्याच्या आसपास बोटाच्या पेराएवढ्या अंतरात माशाचं सगळं मोलाचं सामान आहे.

गळ ओठाला किंवा जबड्याच्या कोपऱ्याला लागला तर तिथं हाड, कूर्चा आणि जाड कातडी असते. पक्कड धरली, उलटा फिरवला, निघाला. जखम होते पण भरते. घशातला गळ काढताना आपण नेमकं काय करतो? टोकामागचा उलटा काटा मांसात अडकलेला असतो, म्हणून ओढतो. ओढल्यावर तो काटा आला त्या वाटेनं येत नाही, नवी वाट फाडत येतो. ती वाट कधी कल्ल्यातून जाते, कधी हृदयाच्या अगदी जवळून. किलोभर माशाच्या अंगात रक्त असतं किती? सुमारे तीस ते चाळीस मिलिलिटर. आपल्या कटिंग चहापेक्षा कमी. त्यातलं थोडं जरी काठावर सांडलं तरी माशाच्या हिशेबानं ते फार झालं.

दाजी म्हणतात, "अरे पण सोडल्यावर कसा सुर्रकन गेला बघितलास की!" हाच तर घोटाळा. सुर्रकन जाणं म्हणजे जगणं नव्हे. घाबरलेलं जनावर अंगात असेल-नसेल ते बळ लावून पळतं. गळाच्या जखमेनं मरणारे बरेचसे मासे पहिल्या एक-दोन दिवसांत मरतात, तेव्हा आपण घरी असतो. मेलेला मासा आपल्यासाठी वर येऊन थांबत नाही. तळाशी जातो, तिथं खेकडे, कासवं असतात. वर आलाच तर घार, बगळा असतातच. म्हणून "मी सोडलेले सगळे जगले" असं म्हणणाऱ्या माणसाकडं पुरावा काय असतो, तर मेलेला मासा त्याला दिसला नाही एवढाच.

ह्या बाबतीत अभ्यास करणाऱ्यांनी मासे टाकीत ठेवून बघितलंय. कॅनडात 2009 साली ब्लूगिल नावाच्या छोट्या माशावर झालेलं काम मला सगळ्यात पटलं, कारण त्यात आमच्याच भांडणाचा प्रश्न घेतला होता. अन्ननळीत गळ रुतलेल्या माशांचे दोन गट केले. एका गटाचे गळ काढले, दुसऱ्या गटाची नुसती दोरी कापली. दहा दिवसांत गळ काढलेल्यांपैकी 44 टक्के मासे मेले. दोरी कापलेल्यांपैकी साडेबारा टक्के. आणि मला ज्याचं जास्त नवल वाटलं ते असं, की दोरी कापलेल्या माशांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त माशांनी तेवढ्या दहा दिवसांत गळ स्वतःच बाहेर टाकला होता. ब्लूगिल म्हणजे मरळ नव्हे, तिथलं पाणी म्हणजे हिडकल नव्हे, हे मला कळतं. पण ट्राउट वगैरे दुसऱ्या माशांवरही असले प्रयोग झालेत आणि कल तोच आहे. गळ खोल असेल तर आत हात घालू नका.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "होय की मामा, पोटातल्या ॲसिडनं विरघळतो ना गळ." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी कारखान्यात खिडकीत एक बरणी ठेवली. हिडकलचंच पाणी, आणि त्यात वेगवेगळे गळ. तपकिरी रंगाचे साधे गळ काही आठवड्यांत गंजून खरबरीत झाले. निकेलचा चकचकीत मुलामा असलेले बराच काळ तसेच राहिले, मग मुलामा सुटला तिथून काळे पडत गेले. स्टेनलेसचा गळ आजही नवा दिसतो. विरघळून नाहीसा असा एकही झाला नाही. बरणी म्हणजे पोट नव्हे, हे कबूल. पण पोटाचीही गंमत अशी, की कटला, रोहू, मृगळ, खडस ह्या सगळ्या कार्प जातीच्या माशांना जठरच नसतं. घशातल्या दातांनी चिरडायचं आणि थेट आतड्यात. तिथं ॲसिड येणार कुठून? मरळीला, शिवड्याला जठर आहे, ॲसिडही आहे, पण गळ पोलादाचा असतो, त्याला भाकरीसारखा पचवायचं म्हटलं तर अवघड आहे.

मग मासा गळाचं करतो काय? एक तर रुतलेल्या जागेचं मांस सैल पडतं, गळ सुटतो आणि तोंडावाटे किंवा खालून बाहेर जातो. नाहीतर शरीर त्याच्याभोवती गाठ बांधतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकदा तळ्यातून आणलेल्या मरळीच्या कोठ्याच्या बाजूला सुरी कट्टकन अडली. कापून बघितलं तर पांढरट, चिवट गाठ आणि तिच्या आत कुणाचातरी जुना गळ, गंजून पातळ झालेला, टोक बोथट. मरळ अंगानं भरलेली होती, आणि तिनं माझा रबरी बेडूक, म्हणजे माझं खोटं आमिष, काही उपाशीपोटी घेतला नव्हता. आईनं गळ हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "बघ, हिला कुणीतरी आधी सोडलं होतं की." सोडलं होतं की तिनंच दोरी तोडली होती कोण जाणे, पण लोखंड घेऊन ती जगली होती एवढं खरं. दाजींना हा गळ मी दाखवला. ते म्हणाले, एखादी जगते.

खरं सांगू का, लोक गळ ओढून काढतात त्याचं कारण माशाची दया हे नसतंच. कारण असतं लुअरची, म्हणजे गळ लावलेल्या खोट्या आमिषाची, किंमत. गांडुळाच्या गळाला कोण रडतंय, दहा रुपयांत मिळतो. पण रबराचा बेडूक अडीचशे-तीनशेला, चांगल्या कंपनीचा प्लग, म्हणजे माशाच्या आकाराचा कडक लुअर, त्याहून वर. तो मरळीच्या घशात दिसतोय आणि तो तोडून सोडायचा म्हणजे जिवावर येतं. मग पक्कड जाते आत, आणि वर "बिचारीच्या पोटात कशाला राहू दे" असं म्हणायचं. मी कुणाला नावं ठेवत नाही, पगार सगळ्यांचाच मोजका असतो. पण इथं हत्यारवाल्या माणसाचं म्हणणं ऐका. लुअर आणि गळ ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्या वेगळ्या करता येतात.

प्लग किंवा स्पून (चमच्यासारखा धातूचा लुअर) असेल तर गळ स्प्लिट रिंगवर लटकलेला असतो. रिंग उघडायच्या पकडीचं टोक वाकडं असतं, ते रिंगच्या दोन पदरांत घालायचं, रिंग फाकते, गळ सरकवून मोकळा करायचा. लुअर तुमच्या हातात, गळ माशाकडं. रिंग इतकी आत असेल की पक्कड पोचत नाही, तर साइड कटरनं गळाचा दांडाच कापायचा. मात्र कटर चांगला घ्या. गळ म्हणजे जास्त कार्बनचं, पाणी दिलेलं पोलाद, साध्या बाजारी कटरच्या धारेला त्यानं खाचा पडतात. मग आपण तिथंच दाबत बसतो आणि मासा हातात तडफडतो. बेडकाचा गळ जोडगळ असतो, रबराच्या अंगातून गेलेला. त्याची बाहेर दिसणारी दोन टोकं वाकणाच्या अलीकडं कापली की रबर पुढं ओढून निघतं. तीन तोंडांचा ट्रेबल असेल तर जेवढी टोकं मांसात नाहीत तेवढी कापून टाका, म्हणजे मागं राहिलेलं लोखंड कमी अडकतं. कापलेले तुकडे पाण्यात टाकू नका, खिशातल्या डबीत टाका. काठावर अनवाणी म्हशी हाकणारी पोरं असतात.

रबर मात्र आत सोडू नका, शक्य तेवढं काढा. मऊ प्लास्टिकचे किडे, शेपट्या मासे गिळतात आणि ते पचतही नाहीत, गंजतही नाहीत. ब्रूक ट्राउट माशांना असले रबरी किडे खाऊ दिले तेव्हा काहींच्या ते पोटातच बसले आणि त्या माशांचं खाणं कमी झालं, वजन उतरलं, असं अमेरिकेत दिसलंय. पोट भरल्यासारखं वाटतं आणि आत काहीच नाही.

तंगूस, म्हणजे गळाची दोरी, कापायची तर गळाच्या जितकी जवळ जमेल तितकी जवळ. हातभर दोरी तोंडातून लोंबत राहिली तर ती शेवाळात, झुडपात अडकते आणि मग गळ नाही पण दोरी मारते. कल्ल्याखालून हात घालून गळ मागून फिरवून काढायची एक पद्धत भाचा दाखवतो, मोबाइलवर बघितलेली. अमेरिकेच्या बास माशाचं तोंड बादलीएवढं, तिथं ती ज्यांना जमते त्यांना जमत असेल. आपल्या शिंगाळ्याचं तोंड बघा आणि कल्ले बघा. त्यात आपली जाड बोटं घालून काय होणार?

आणि रक्त येत असेल तर? कल्ल्यातून लाल, पातळ, वाहतं रक्त दिसलं तर माझ्याकडं विषय संपतो. तो मासा घरी येतो. गाभोळीचा असो, लहान असो, येतो. कल्ला तुटलेला मासा पाण्यात सोडून मनाचं समाधान करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. जागेवरच डोक्यात एक ठोका, आणि पिशवीत. पुण्याकडचे एक ओळखीचे गृहस्थ ह्यावरून माझ्यावर नाराज झाले, म्हणाले निसर्गाला परत द्यावं. निसर्गाला खेकडे आहेत, त्यांचं चाललंय बरं. आईला मात्र असे दिवस आवडतात.

मरळीबद्दल एक गैरसमज जाता जाता. मरळ हवेत जगते. कल्ल्यांच्या वर तिला हवा घ्यायची वेगळी पोकळी असते, वर येऊन ती श्वास घेते, ओल्या गोणपाटात गुंडाळली तर तासन् तास जिवंत राहते. बाजारात ती टबात वळवळत असते ती त्याच्यामुळंच. म्हणून लोकांना वाटतं मरळ मरतच नाही, फोटो काढा, रील काढा, मापं घ्या, मग सोडा. हवेचं एक वेळ ठीक. घशाच्या जखमेचं काय? हृदय तिलाही तिथंच असतं. उलट तिच्या ह्या चिवटपणामुळं ती मरायला वेळ लावते आणि आपल्याला कळत नाही.

कटल्याचं, खडसाचं तसंही नाही. पाण्याबाहेर कल्ल्यांची नाजूक पानं एकमेकांना चिकटतात, श्वास बंद. 1992 साली इंद्रधनुषी ट्राउटवर केलेला प्रयोग आहे. मासे दमेपर्यंत पळवले आणि मग हवेत ठेवले. नुसते दमवलेले बारा टक्के मेले, अर्धा मिनिट हवेत ठेवलेले 38 टक्के, आणि एक मिनिट ठेवलेले 72 टक्के. ट्राउट थंड पाण्याचा नाजूक मासा, आपले मासे त्याहून दणकट. पण आपलं पाणीही बघा ना. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागं सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाच्या पाण्यात साडेसात. एप्रिल-मेमध्ये हिडकलचं पाणी मागं हटतं, उथळ भागात पाय घातला तर कोमट लागतं. त्या पाण्यात दमलेला कटला सोडणं म्हणजे धावून आलेल्या माणसाच्या तोंडाला फडकं बांधणं. उन्हाळ्यात दुपारी मी सोडायच्या हेतूनं गळ टाकतच नाही. सकाळी जातो, पुरेसं मिळालं की दोरी गुंडाळतो.

मासा धरायच्या आधी हात भिजवा, कोरड्या हाताला आणि तापलेल्या खडकाला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर चिकटून निघतो, आणि तो गेला की बुरशी लागते. एवढं सगळ्यांना माहीत असतं, तरी टॉवेलनं धरणारे धरतातच.

जूनमध्ये आणखी एक प्रकार चालतो, तो मला अजिबात आवडत नाही. पाऊस पडून तळी भरली की मरळीची लालसर-नारिंगी पिल्लं पाण्यावर झुबक्यानं फिरताना दिसतात. पाणी तिथं उकळल्यासारखं हलतं. खाली आई-बाप राखणीला असतात. त्या झुबक्यावरून बेडूक ओढला की राखणारी मरळ हल्ला करणारच, भूक असो-नसो. हमखास मासा. पोरं तो काढतात, फोटो घेतात आणि "सोडला बघा" म्हणून सांगतात. तेवढ्या वेळात चिलापी आणि बाकीच्यांनी पिल्लांवर ताव मारलेला असतो. आणि त्या मरळीनं बेडूक खोल घेतला असेल तर ती परत राखणीला लागणार आहे का? पिल्लं दिसली की दुसरीकडं जा. तळं काय लहान आहे?

सगळेच मासे सोडायचे नसतात हेही लिहून ठेवतो. थाई मांगूर गळाला लागला तर तो परत पाण्यात जाऊ देऊ नका. त्याच्या पैदाशीवर देशात 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो ओढ्या-तळ्यांत सापडतो आणि दिसेल ते खातो. आपला गावठी मांगूर वेगळा, तेवढं ओळखायला शिका.

मुळात मासा गळ इतका खोल घेणारच नाही असं करता आलं तर वरचं निम्मं लिखाण वाया जाईल, आणि मला चालेल. जिवंत आमिषावर मासे खोल गिळतात, कारण ते खरंच खाणं असतं. लुअर बहुतेक वेळा तोंडातच अडकतो, लाकूड-प्लास्टिकची चव लागली की मासा थुंकायला बघतो. अपवाद मऊ रबराचा. त्यात बेडकावर मरळ आली की लगेच झटका देऊ नये, थोडं थांबावं, असं सगळे शिकवतात, आणि ते बरोबर आहे, नाहीतर बेडूक रिकामा परत येतो. पण थांबायचं म्हणजे विडी पेटवायची नव्हे. दोरी ताणल्यासारखी जड लागली की पुरे.

उलटा काटा मी सगळ्याच गळांचा मोडतो. ह्यातही पद्धत आहे. पकडीत आडवा धरून दाबला तर कडक पोलादाचं टोकच काड्कन तुटतं, आणि मग तुम्ही पक्कडवाल्याला शिव्या देता. चपट्या तोंडाच्या पकडीत गळाच्या रेषेत धरून, दोन-तीनदा हळूहळू दाबायचं. राहिलेला उंचवटा कानशीनं घासायचा. घासलेल्या जागचा मुलामा जातो आणि तिथं गंज लवकर धरतो. दुकानदाराच्या दृष्टीनं हा दोष असेल, माझ्या दृष्टीनं फायदा आहे. गळ आत राहिलाच तर लवकर गंजू दे की. म्हणूनच गोड्या पाण्यात स्टेनलेसचे गळ मी वापरत नाही, तो समुद्रावरच्या माणसांचा माल. आणि प्लगचे मागचे-पुढचे ट्रेबल काढून तिथं एकेरी गळ लावलेत. मासे थोडे जास्त सुटतात. सुटू देत. एकेरी गळ कापायलाही सोपा.

शिवड्यासाठी दाजी अजून जिवंत चिलापीच लावतात, आणि शिवडा ती कोठ्यापर्यंत नेतो. त्यांच्यासाठी मी सर्कल हुक आणले. टोक आत, दांड्याकडं वळलेलं असतं. माशानं गिळून तोंड फिरवलं आणि दोरी ताणली की गळ घशातून न रुतता सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. अट एकच, झटका द्यायचा नाही. नुसतं रीळ फिरवत राहायचं, गळ आपलं काम आपण करतो. झटका दिला की तोंडातून रिकामा बाहेर येतो. हे दाजींना पटलंय, ते इतरांना समजावूनही सांगतात. पण रॉड वाकला की चाळीस वर्षांची सवय मनगटातून आधी सुटते, शिवडा जातो, आणि मग गळाच्या कंपनीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. ह्या पावसाळ्यात रॉड त्यांच्या हातात न देता काठाला रोवून ठेवायचा, असं भाच्यानं आणि मी ठरवलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.